पंधरा मिनिटांचा फेस

पाचही नळ्यांत फेस आला तसं मृणालीला हसू फुटलं. पेणच्या त्या छोट्या लॅबमध्ये असली चाचणी क्वचितच यायची. बाळाभोवतीचं पाणी स्पिरिटात घालायचं, नळी जोरात हलवायची आणि पंधरा मिनिटं नुसतं बघत बसायचं. बाळाची फुप्फुसं पिकली असली की पाण्यात स्निग्धपणा उतरतो, बुडबुड्यांचं कडं काचेला बिलगून राहतं. कच्ची असली की विरून जातं.

हे कडं विरत नव्हतं.

"काय दिसतंय गो ताई?" केरूनं दारातूनच विचारलं. रोह्याजवळच्या अष्टमी गावचा हा मजूर सकाळच्या एसटीनं पाणी घेऊन आला होता. त्याची बायको पारी रोह्याच्या दवाखान्यात. आठवा महिना, अंगभर सूज, प्रेशर चढतंय. फुप्फुसं पिकली असली तर आजच सिझर, नसली तर निभेल तितकं थांबायचं, असं डॉक्टर म्हणाले होते.

"चांगलं दिसतंय," ती म्हणाली, आणि तिची नजर शेवटच्या नळीवर गेली. तिच्यातलं पाणी सगळ्यांत पातळ केलेलं. तिथं फेस विरळ हवा, तरी तेवढाच दाट. केरूनं पाणी आणलेली रिकामी बाटली तिनं नाकाशी धरली.

"केरूदादा, ही बाटली डॉक्टरांची नाही."

"नाय. त्यांचं बूच वाटेत सुटलं, पानी गळाया लागलं. नागोठण्याला उतरून हॉटेलवाल्याची घेतली. पन तशीच नाय हां! साबन लावून दोनदा घासली. घरात एक ताट कधी घासलं नाय मी. पारीला सांगितलं तर हसंल."

मृणालीनं रोह्याला डॉक्टरांना फोन लावून बाटलीचं सांगितलं.

"दुसरं पाणी काढायला वेळ नाही," डॉक्टर म्हणाले. "प्रेशर ऐकत नाही. आता घेतोच तिला. निदान अंदाज तरी सांग, पिकलंय का?"

"नाही सांगता येत, सर. साबणाचा फेस आहे."

केरूनं ते ऐकलं. नळ्यांकडे बघत राहिला, मग हलकेच म्हणाला, "तिला भ्या वाटतं गो. तू सांग ना तिला, पिकलंय म्हणून. आत जाताना तेवढंच ऐकू दे."

मृणालीनं असं खोटं कधी सांगितलं नव्हतं. तिनं पुन्हा नंबर फिरवला. नर्सनं उचलला.

"पारीला दोन शब्द सांगायचेत."

"आत नेली तिला," नर्स म्हणाली. "भूलसुद्धा दिली."