सातव्या ताटलीतला ठोका

धाकटीची थोरली बहीण जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या हृदयाचा ठोका धाकटीला पुन्हा ऐकू आला तो भर दुपारी, कामाच्या जागी.

धाकटी रसायनांची परीक्षक होती. साबण, रंग, फवारे यांत जे काही मिसळतात ते माणसाला आणि माती-पाण्याला सोसेल का, हे तिची प्रयोगशाळा ठरवायची. पूर्वी हे काम उंदरांच्या जिवावर चालायचं. उंदीर तगला की माल बाजारात. आता पिंजरे गेले होते. लोकांनी दान केलेल्या कातडीच्या टिकलीएवढ्या तुकड्यापासून हृदयाच्या पेशी वाढवायच्या, काचेच्या ताटल्यांत ठेवायच्या, वर रसायनाचा थेंब सोडायचा आणि काय होतं ते बघायचं, अशी नवी रीत आली होती. त्या पेशी आपसूक धडधडत. ना छाती, ना रक्त, ना माणूस. उबदार कपाटाच्या अंधारात नुसता पातळ पापुद्रा आकसायचा, सैल पडायचा. एक ताटली म्हणजे एक माणूस. नाव कुणालाच ठाऊक नसे, फक्त क्रमांक.

यंत्र प्रत्येक ताटलीचा ठोका ऐकवत चाललं होतं. सातवीची पाळी आली आणि धाकटीने आवाज वाढवला. टक, टक, टक, मग एक पोकळी, आणि मागे पडलेलं पोर धावत येऊन गाठतं तसे दोन घाईचे ठोके.

लहानपणी दोघी एकाच अंथरुणात झोपायच्या. ताईच्या पाठीला कान लावला की हेच ऐकू यायचं. ताई हसून म्हणायची, "माझं हृदय मध्येच विसरतं गं, कुठं निघालं होतं ते."

दवाखान्यात कुणीतरी कातडी दान कराल का विचारलं, तेव्हाही ती म्हणाली होती, "घ्या की, माझं कातडं जाडच आहे!"

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण हे सांगणार कुणाला? तिने थेंब सोडला.

तपासायचा होता तो फरशी पुसायच्या द्रावणातला एक घटक. वर्षानुवर्षं घरोघरी वापरला जाणारा. उंदरांना त्याने काही केलं नव्हतं. बाकीच्या ताटल्याही धडधडत राहिल्या. सातवी थांबली.

खोलीत एवढी शांतता धाकटीने कधी ऐकली नव्हती. तिने घाईघाईने ताटली धुतली, ताजं पोषणद्रव्य घातलं. बराच वेळ काही नाही. मग टक.

"एक ताटली बिघडलेली दिसते," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "वगळ ती."

"बिघडलेली नाही, मॅडम. ती आहेच तशी. अशी माणसं असतात."

"बाकीच्यांना तर काही होत नाही ना?"

"शितावरून भाताची परीक्षा करायला माणसं काय एका भांड्यात शिजलेली आहेत? सरासरीच काढायची तर उंदीर काय वाईट होते?"

मॅडमनी नोंदवही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. तू हात लावू नकोस."

दुसऱ्या हातांनी, सातवीच्याच पेशींच्या नव्या ताटलीत तेच झालं. सातवी थांबली. धुतली, तशी चालू झाली.

त्या संध्याकाळी धाकटी तडक ताईच्या घरी गेली. भाऊजींनी दार उघडलं आणि आतून फरशी पुसायच्या त्याच द्रावणाचा वास आला. न्हाणीघराचं दार लावलेलं, आत घासण्याचा आवाज.

"तुझी भाची," भाऊजी म्हणाले. "आईसारखंच स्वच्छतेचं वेड."

ताई याच न्हाणीघरात सापडली होती. खिडकी बंद, बादली कलंडलेली. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

घासण्याचा आवाज थांबला.

"दार उघड!" धाकटी दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागली. "अगं ए! उघड दार!"

आत काहीच हालचाल नव्हती. मग कडी सरकली. भाची चौकट धरून उभी होती, ओठ पांढरेफटक.

"काही नाही गं मावशी. जरा गरगरलं. हे घासताना होतंच नेहमी."

धाकटीने तिला बाहेर ओढलं, मिठीत घेतलं आणि पाठीला कान लावला. टक, टक, पोकळी.

दवाखान्यात हृदयाचा आलेख निघाला. दोष जन्मजात होता, आईकडून आलेला असावा. गोळ्या सुरू झाल्या. बाकावर बसलेल्या भाऊजींचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"ती बाटली मीच आणायचो," ते म्हणाले. "दर वेळी मीच."

"कुणालाच माहीत नव्हतं, भाऊजी."

"मग तुला कसं कळलं?"

"कामावर कळलं," ती म्हणाली. मग उठून भाचीच्या गोळ्या आणायला गेली.

घरगुती वापरातून तो घटक हटवायला वर्ष गेलं, पण हटला. वेगळं वागणारी ताटली वगळायची नाही, असा नियमही झाला. मॅडम खुशीत होत्या.

"सातवी म्हणजे सोनं आहे गं. जी ती प्रयोगशाळा तिलाच मागतेय. नाजूक माणसाला काय सोसत नाही ते तीच आधी सांगते."

सातवीच्या पेशींच्या गोठवलेल्या कुप्या खोक्यांत भरायचं काम धाकटीने मागून घेतलं. झाकण उघडलं की गार वाफ तिच्या मनगटावर लोळायची. ही खोकी कुठल्या कुठल्या खोल्यांत उघडली जातील. तिथे तिला ऊब देतील, जागी करतील, थांबवतील, धुऊन पुन्हा चालू करतील. रोज, नव्या थेंबागणिक.

"संपणार नाही ना हो ती?" तिने विचारलं.

"संपतेय कसली! वाढवू तेवढी वाढते."

"आणि तिला काही कळत असेल?"

"कुणाला?" मॅडमनी मान वर केली.

धाकटीने शेवटच्या खोक्याचं झाकण दाबून बसवलं, पट्टी चिकटवली, आणि दाराशी थांबलेल्या गाडीवाल्याच्या हातात देताना म्हणाली, "जरा हळू न्या हो."