डाव्या हातातला पाव

मी एक जुनी, रंगीत आणि भयंकर हट्टी काच आहे. वय सहाशे वर्षं, आकार तुमच्या वहीएवढा, मुक्काम जर्मनीतल्या एका छोट्या चर्चची खिडकी. मित्रांनो, हट्टी नसते तर आज तुमच्याशी बोलायला उरलेच नसते!

वाळू आणि लाकडाची राख वितळवून मला घडवलं. मग एका कारागिराने माझ्यावर काळ्या रंगात एक पाववाली काढली आणि ती भट्टीत भाजून पक्की केली. रंगाची बाजू आत, पाऊस झेलायला पाठ बाहेर, हा आम्हा काचांचा नियम. शेजारच्या काचेत एक भुकेली मुलगी होती. माझी पाववाली तिच्यापुढे पाव धरून उभी असायची. लोक माना वर करून बघायचे आणि मी खुशाल मिरवून घ्यायचे.

मग दुसरं महायुद्ध आलं. आम्हाला काढून तळघरात ठेवलं. शेजारची मुलगी तिथेच फुटली. पुढे कुणीतरी घाईघाईत मला परत बसवलं, तेही उलटं! साठ वर्षं माझ्या पाववालीने तोंडावर पाऊस झेलला. मी कुणाला सांगणार?

२००७ साली खिडकी दुरुस्तीला निघाली. सहा महिन्यांनी माझी पाळी आली. कार्यशाळेच्या प्रमुख फ्राऊ लोरेंत्स, म्हणजे लोरेंत्सबाई, यांनी मला खालून उजेड देणाऱ्या टेबलावर ठेवलं. "आतल्या बाजूचा रंग पार गेलाय," त्या म्हणाल्या. "मागची काळी पुटं खरवडू. नाहीच जमलं तर नवी काच."

पुटं? अहो, त्या पुटांखालीच तर माझी पाववाली होती!

कार्ल्सरूहे शहरात काचेवर पीएचडी करणारी पुण्याची सुनेत्रा तिथे मदतीला होती. तिनेही मान डोलावली. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू!

त्या दिवशी तिच्या सासूबाई, स्नेहलताबाई, सुनेचं काम बघायला आल्या होत्या. त्या माझ्यावर वाकल्या. खालच्या उजेडात माझ्या पाववालीची आकृती पुसट दिसत होती.

"अगं सुनेत्रा, ही बाई डाव्या हाताने पाव देतेय?"

"आई, इथे डावं-उजवं कोण बघतं?"

"आत्ता नसतील बघत. पण पूर्वीची माणसं खाण्याची वस्तू अशी द्यायची नाहीत. काहीतरी चुकलंय बघ."

सुनेत्रा हसली आणि हसता हसता थांबली. तिने मला अलगद उचलून पालथं केलं. पाव उजव्या हातात! तिने भिंग पुटांवर धरलं. खाली कुंचल्याच्या रेघा होत्या.

"फ्राऊ लोरेंत्स, थांबा! ही पाठ नाही, हे तोंड आहे!"

फ्राऊ लोरेंत्स यांच्या हातात पातं तयार होतं. त्यांनी भिंग घेऊन त्या रेघा पाहिल्या. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि त्यांनी पातं खाली ठेवलं. "सहा महिने ही माझ्यासमोर आहे आणि मला दिसलं नाही."

त्यांनी माझ्या सुटत चाललेल्या रेघा जागच्या जागी चिकटवून पक्क्या केल्या. नवा रंग लावला नाही. आता मी सुलट बसले आहे आणि बाहेर पाऊस झेलायला एक साधी काच लावली आहे. पाववालीचं नाक गेलं, पावही अर्धा पुसला गेला. असू दे.

मित्रांनो, जुनी वस्तू मळली म्हणून लगेच घासायला घेऊ नका. आधी तिचं तोंड कुठलं, ते नीट बघा. माझ्या शेजारची मुलगी आता परत येणार नाही, तिच्या जागी कोरी काच आहे. तरी माझ्या पाववालीचा उजवा हात तिच्याकडेच पुढे आहे आणि तो मी खाली येऊ देणार नाही.