लालासाहेबांची लवती टाच

मी एक जुना पाय आहे. हसू नका मित्रांनो, पायही जुने होतात आणि त्यांनाही आठवणी असतात. माझा जन्म सांगलीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. साच्यावर कार्बनचं काळं कापड पसरायचं, त्यावर मधासारखं चिकट रेझीन चोपडायचं, ते वाळून घट्ट झालं की पाय तयार. पण माझी गोष्ट माझ्या थोरल्या भावापासून सुरू होते.

आमचे धनी लालासाहेब कुंडलचे. सरहद्दीवर त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. पेन्शनीत आल्यावर त्यांना एकच ध्यास लागला, आपल्या उसाची दारं आपण धरायची. खोऱ्यानं माती ओढून एका सरीचं पाणी दुसरीत वळवायचं. मुलगा जयराज म्हणे, "आबा, तुमच्यानं न्हाई व्हायचं. रान शेजारच्या सिद्धूला वाट्यानं देऊया." रान दुसऱ्याच्या हाती गेलं की आपण नुसते ओट्यावर बसणार, या विचारानं लालासाहेबांना घास गोड लागत नसे.

ते सांगलीला गेले तेव्हा कारखान्यात पाय बनवणाऱ्या पायलनं विचारलं, "आबा, रेझीन दोन जातीचं असतंय. एक कडक, एक लवचीक. रानात चालायचं तर थोडं लवचीक घालूया का?"

"लवंल त्यो शिपाई कसला? पोलादावानी कडक कर!"

तिनं बरंच सांगून पाहिलं, पण लालासाहेब ऐकेनात. थोरला भाऊ तसाच झाला, ताठ आणि चकचकीत. फरशीवर त्याचा ठक्‌ ठक्‌ आवाज आला की चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोला, मनुबाईंना, धनी कुठं आहेत ते कळे. गावानंही कौतुक केलं.

मग पाण्याची पाळी आली. पहिल्याच सरीत त्याची टाच ढेकळावर बसली. तो तसूभरही लवला नाही. सगळा हिसका कमरेपर्यंत गेला, लालासाहेब चिखलात आडवे झाले आणि भावाला चवड्याजवळ आरपार तडा गेला. त्यांना उठवताना जयराज म्हणाला, "आता तरी ऐका. म्होरल्या पाळीला सिद्धूला बोलावतो."

मनुबाई शेक देताना म्हणाल्या, "आवं, कडकपणा तुमच्या अंगात हाय तेवढा लय झाला. पायात आनि कशाला?"

लालासाहेब पुन्हा सांगलीला गेले. "पोरी, आता सगळा मऊच कर. गादीवानी."

पायल हसली. तिनं लवचीक रेझीनची एक पट्टी उन्हात दोन विटांवर आडवी ठेवली आणि तिच्या मधोमध तिसरी वीट ठेवली. चहा होईपर्यंत पट्टी मधोमध खोल वाकली.

"आबा, ही वीट म्हंजे तुमी. दुपारपर्यंत असंच खाली बसाल."

"मग करायचं काय गं?"

"घोटा कडक करू. टाच आणि चवडा लवचीक. मधे दोन्हीचे थर एकमेकांत गुंतवू."

असा मी जन्मलो.

पुढच्या पाळीला जयराज आणि सिद्धू बांधावर उभे होते. मला चिखल प्रथमच लागला. वरंब्यावर टाच दबली, चवडा वाकला आणि पुन्हा उसळून जागेवर आला. वर घोटा ठाम होता. लालासाहेबांनी शेवटच्या सरीपर्यंत दारं धरली. सिद्धू ओरडला, "जयराज, मला कशाला बोलावलंस रं गड्या? आबांनीच माझ्या रानात वाटेकरी म्हणून यायचं!" जयराजनं चपला काढल्या. तो वडिलांमागं सरीत उतरला.

किती उन्हाळे मी त्या रानात घालवले! आता धन्यांना नवा पाय आला आहे. मी पाण्याच्या मोटारीच्या खोपटात खिळ्याला लटकतो. पत्र्याच्या फटीतून ऊन थेट टाचेवर येतं, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हानं रेझीन ठिसूळ होतं. मित्रांनो, वापरात आहे तोवर सगळेच पुसतात. काम संपलेल्या वस्तूचा चिखलही धुवा, तिला सावलीत ठेवा. एवढंच मागणं आहे.

परवा खंडेनवमी झाली. खोरं, विळे, कुदळ धुऊन पाटावर मांडली होती. मनुबाईंनी पाट पाहिला आणि त्या तडक खोपटात आल्या. मला पदरानं पुसून त्यांनी खोऱ्याशेजारी ठेवलं.

"ह्याला कसं इसरला? रान ह्यानंच राखलंय."

लालासाहेब ओशाळले. त्यांनी माझ्या टाचेला कुंकू लावलं आणि अंगठ्यानं हळूच दाबून पाहिलं.

तडा जाईल म्हणून मी भ्यालो होतो. पण ती लवली.

"अगं, अजून जित्ता हाय!" ते म्हणाले.