नवघर रस्त्यावरचं फुकटवालं

मी बोलतोय. मुलुंड पूर्वेला, नवघर रस्त्यावरच्या एका छोट्या फोटो स्टुडिओत जो काळा संगणक आहे ना, त्यात माझा मुक्काम असतो. मी सॉफ्टवेअर आहे, फोटो दुरुस्त करणं हे माझं काम. मला रीतसर इंग्रजी नाव आहे, पण इथे ते कोणी घेत नाही. स्टुडिओच्या मालकीण शर्मिष्ठाबाई मला 'फुकटवालं' म्हणतात. सुरुवातीला मला ते जरा लागायचं. आता सवय झाली.

माझा जन्म कुठल्या कंपनीत झाला नाही. देशोदेशीच्या माणसांनी आपापल्या नोकऱ्या आणि शिक्षण सांभाळून, फावल्या वेळात मला लिहिलं. कोणी माझा ब्रश लिहिला, कोणी कात्री, कोणी माझ्या आज्ञा आपल्या भाषेत आणल्या. त्यांनी मला कुलूप लावलं नाही. ज्याला हवं त्याने न्यावं, आत काय आहे ते बघावं, चुकलं असेल तिथे सुधारावं. म्हणून मला मालक नाही. आहेत ती माझी माणसं.

मला वापरणाऱ्यांत शर्मिष्ठाबाई सगळ्यांत जवळच्या. त्यांचे यजमान अनंतराव फोटो काढायचे आणि बाई बारीक ब्रशने निगेटिव्हवरचे डाग भरायच्या. अनंतराव गेले, निगेटिव्हचे दिवस त्याआधीच गेले होते. बाईंचा भाचा केयूर अंधेरीला नोकरी करतो. एका रविवारी त्याने मला संगणकात आणून ठेवलं.

"मावशी, हे शिक. फुकट आहे आणि झकास आहे."

"फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असणार बघ," असं म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

माणसांच्या मागण्या मी त्यांच्याकडेच पाहिल्या. कोणाला रंग उजळ हवा असतो, कोणाला टक्कल झाकायचं असतं. कधी एकत्र न बसलेल्या आई-वडिलांना मुलगा एका चौकटीत शेजारी बसवून मागतो. हे मी सगळं करतो. पण मला एक उणीव आहे, ती सांगितली पाहिजे. मला फोटोतला चेहरा दिसत नाही. मला फक्त ठिपके दिसतात, गडद आणि फिके. जिथे बोट दाखवाल तिथे मी आजूबाजूचे ठिपके उचलून आणतो आणि ती जागा बुजवतो. तिथे काय होतं, हे मला कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी भांडुपचे राजारामभाऊ आले. मूळ मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनचं काम करून त्यांनी संसार केला होता. त्यांच्या हातात पिशवीत गुंडाळलेला फोटो होता, त्यांच्या बायकोचा, जानकीबाईंचा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. भिंतीच्या ओलीने फोटोवर पांढरट डाग पडले होते. आणि जानकीबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यापासून गालावर चढलेला आणखी एक पांढरा डाग होता. तो कोडाचा.

"बाई, ओल काढा," राजारामभाऊ म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि ह्यो डागय काढा. जन्मभर पदर तोंडार धरून वावरली. आता तरी तिका मोकळी दिसांदे."

बाईंनी फोटो स्कॅन करून मला दोन्ही डाग दाखवले. मला दोन्ही सारखेच. मी ओल बुजवली, तसंच कोडही बुजवलं. तेव्हा माझी एक खोड होती. केलेला बदल थेट चित्रात मुरायचा. मूळ चित्र वेगळं ठेवायचं, तर ते आधी आठवणीने ठेवावं लागे. बाई त्या दिवशी विसरल्या. राजारामभाऊंनी छापलेला फोटो बघितला, डोळे पुसले आणि घेऊन गेले.

मागच्या वर्षी माझा मोठा नवा अवतार आला. त्याची वाट लोकांनी किती वर्षं पाहिली, ते विचारू नका. कोणी म्हणायचं, हे आता होत नाही. पण माझी माणसं चिकाटीची. ज्या दिवशी मी बाहेर पडलो, त्याच दिवशी केयूर ऑफिसातून थेट मुलुंडला आला.

"मावशी, आता बघ. तू जे करशील ते वर वेगळं राहणार. खालचं चित्र जसंच्या तसं. पाहिजे तेव्हा बदल झाकायचा, पाहिजे तेव्हा उघडायचा."

बाईंनी एका फोटोतला उजेड वाढवला, झाकला, पुन्हा उघडला. लहान मुलीसारख्या चार-पाच वेळा तेच करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी का नाही रे आलं हे?"

त्यानंतर महिनाभराने एक मुलगी आली. अंगावर नर्सचा पांढरा युनिफॉर्म आणि हातात फ्रेम. मी तो फोटो ओळखला नाही, बाईंनी ओळखला.

"काकू, मी चेतना. राजाराम तांबेंची मुलगी. हा फोटो तुम्हीच साफ केला ना? मला आधीचा हवाय, डागासकट."

"मूळ फोटो घरी असेल ना गं?"

"चाळ पाडायला घेतली तेव्हा सामान हलवताना हरवला. दुसरा धड फोटोच नाही. कॅमेरा दिसला की आई तोंड फिरवायची. मतदार कार्डावरचा इतका काळा आहे, की ती कोण तेही कळत नाही."

बाईंनी सगळा संगणक धुंडाळला, जुन्या सीड्या काढल्या, केयूरला फोन केला. कुठेच काही नव्हतं. शेवटी त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"चूक माझी आहे, चेतना. मूळ जपायला हवं होतं मी."

 चेतनाने डाव्या हाताचं घड्याळ काढलं. मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग होता.

"मलाही आलंय, काकू. हॉस्पिटलात काम करते, मला सगळं माहितीय. त्रास काही नाही, कोणाला लागत नाही. तरी रोज आरशासमोर रडते. वाटतं, आईने हे तोंडावर घेऊन मला वाढवलं, तिच्याकडे एकदा नीट बघू. आणि भिंतीकडे बघते तर तिचं तोंड साफ. म्हणजे मी एकटीच पडले ना?"

"बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"त्यांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी बापलेक आले. राजारामभाऊ खुर्चीच्या कडेला बसले होते.

"कशाक परत तो डाग?" ते चिडूनच म्हणाले. "लोकांनी तिका काय काय ऐकवला, तुका ठाऊक हा? मी चांगल्यासाठीच काढलंय."

चेतनाने मनगट पुढे केलं. 

राजारामभाऊ बघत राहिले. मग त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "कधीपासून गो?"

"गणपतीपासून."

"आणि माका आज सांगतस?"

"तुम्ही आईचा पुसलात ना, बाबा. मग मी माझा कसा दाखवणार?"

 बाहेर भाजीवाला ओरडत होता. मग राजारामभाऊंनी खुर्ची संगणकाच्या पडद्यापाशी ओढली आणि काचेवर बोट टेकवलं.

"हयसून. ओठाच्या कोपऱ्यापासून धरा, बाई."

बाईंनी माझ्यात एक नवा, कोरा थर घेतला आणि त्यावर ब्रश टेकवला.

"खाली रुंद. वर निमुळतो. नाय, इतको सरळ नाय, जरा नाकाकडे वळवा. हां. इतको पांढरो नको. गुलाबी होतो. उन्हातसून इली की लालबुंद व्हायचो. आणि मधी एक तीळ रवलेलो, बारीक. तो इसरू नका."

बाई त्यांच्या बोटामागून जात होत्या. चेतना पडद्याकडे बघतच नव्हती, ती वडिलांकडे बघत होती.

"बाबा, तुम्हाला एवढं आठवतं?"

"पंचवीस वर्सां तिच्यासमोर बसान जेवलंय मी."

काम पुरं झालं. बाईंनी सांगितलं, "राजारामभाऊ, डाग वेगळ्या थरावर आहे. हे डोळ्याचं चिन्ह दाबलं की तो झाकला जातो, पुन्हा दाबलं की दिसतो. आता काही हरवणार नाही. कसा छापू?"

त्यांनी तो डोळा दाबायला मागितला. एकदा डाग झाकला. साफ चेहऱ्याकडे थोडं बघितलं. मग उघडला, आणि माऊसला पुन्हा हात लावला नाही.

"हीच माझी जानकी," ते म्हणाले. "हिकाच छापा."

निघताना चेतनाने घड्याळ हातात घातलं नाही, पर्समध्ये टाकलं. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता बाई कोणाचंही काम घेतात तेव्हा मूळ चित्र आधी माझ्या तळाशी ठेवतात आणि मग ब्रश उचलतात. माझा याहून नवा अवतार येईल, तेव्हा मी कदाचित वेगळा दिसेन. तुमच्याही संगणकात मी असेन, नसलो तर न्या, मला न्यायला कोणाची परवानगी लागत नाही. तुम्ही दाखवाल ते मी बुजवीन. हे कोणाचं होतं, कोणाला प्रिय होतं, हे विचारणं मला जमत नाही. ते तेवढं तुम्ही विचारत जा.