ताडपत्रीची सॅक

"आमच्या टायमाला इमान कुठलं आलं राव! मद्रासवरनं बोट. सगळ्यात खालचा मजला, एकावर एक फळ्या ठोकलेल्या. त्या फळीवर चार रोज काढले आमी. खाली इंजिन धडधडतंय, वरचा पंखा बंद. पण सकाळी वर गेलं की असलं निळं पाणी... आपल्या आण्याच्या पठारावर सात पिढ्यांनी मिळून बघितलं नसंल एवढं पाणी!"

भरत ओट्यावर मांडी ठोकून बसला होता आणि पुतण्याला, स्वराजला, अंदमान समजावून सांगत होता. स्वराजचं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. आज तो आणि त्याची बायको हर्षाली पुण्याहून विमानानं निघणार होते. दारात चाकांच्या दोन नव्याकोऱ्या बॅगा उभ्या होत्या. साळुबाई, भरतची आई, स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू दाबून भरत होती.

"आजी, वजन होतं हो विमानात," हर्षाली म्हणाली. ती घोडेगावची, कॉलेज शिकलेली.

"व्हऊ दे. इमानातली माणसं काय खायला घालत्यात कुणाला ठावं. माझ्या नातसुनंनं उपाशी फिरायचं व्हय?"

आत, उंबऱ्यापलीकडं, कौसल्या सोनीचे कपडे भरत होती. भरतची ही बायको, आणि सोनी त्यांची एकुलती एक लेक. सोळा वर्षांची, बहिरी. पुण्याजवळच्या मूकबधिरांच्या निवासी शाळेत असायची. लग्नापुरती आली होती, आज परत जायची होती. तिचे कपडे कौसल्या भरत होती ती सॅक जुनी होती, ट्रकच्या ताडपत्रीची, हिरवट खाकी. जुन्नरच्या एका शिंप्यानं शिवलेली. पट्ट्यांसाठी चामडं परवडलं नाही म्हणून खाटेची नवार लावलेली. अशा दोन होत्या. भरतची कधीच फाडून विहिरीवरच्या मोटरीला झाकण म्हणून गेली. हिची तेवढी राहिली.

"काकू, या ना बाहेर," हर्षालीनं हाक मारली. "काका एवढं सांगतायत, तुम्ही गप्प. खरंच दोघंच गेला होता? चौऱ्याण्णव साली? पाठीवर सॅक लावून?"

"दोघंच," साळुबाई लाडवांतून मान वर न काढता म्हणाली. "डोंबाऱ्यावानी बोचकी बांधून. सारा गाव स्टँडवर जमला व्हता तमाशा बघाया."

"कसलं भारी! पण हे सुचलं कुणाला? काकूंना की काकांना?"

कौसल्या सॅक हातात घेऊन उंबऱ्यात येऊन उभी राहिली. साधा प्रश्न होता. चौदा वर्षांत असा सरळ, निर्मळ तोंडानं तो कुणी विचारला नव्हता. तिनं भरतकडं पाहिलं.

सुचलं भरतलाच होतं.

तेव्हा तो जुन्नरला एका शाळेत क्लार्क होता. तो खोली घेऊन जुन्नरला, ती इथं आणे गावात सासरी. शनिवारच्या शेवटच्या एस.टी.नं यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मधला रविवार पाहुण्यांचा, शेताचा, आईचा. लग्नाला चार वर्षं झाली, मांडीवर लेक आली, तरी नवरा-बायको दिवसाउजेडी एकमेकांशी सलग बोलले असतील असा दिवस कौसल्येला आठवत नव्हता. एका शनिवारी तो आला तोच वेगळ्या तोऱ्यात. लेणी बघायला आलेलं एक गोरं जोडपं त्याला जुन्नरच्या स्टँडवर भेटलं होतं. पाठीवर सॅक, हातात केळ्यांचा घड, कुठल्या कुठल्या बेटांवरून स्वस्तात हिंडत आलेलं.

"आपण पण जायचं," तो अंधारात कुजबुजला. "अंदमानला. मी चौकशी केली. बोटीचं खालचं तिकीट लई स्वस्त हाये."

"अन् सोनी?"

"आई हाये की."

"अजून अंगावर पितीय ती."

"तोडायचंच हाये ना कवातरी? आयतं सुटंल." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तिथं आपल्याला कुणी वळखणार न्हाई, कौसल्या. तू माझ्या मागनं चालायची न्हाईस. संगं चालशील."

नाव घेऊन बोलला होता. या घरात तिला 'अगं ए' होतं, 'सोनीची आई' होतं, कौसल्या नव्हतं. तिला जावंसं वाटलं, हेही खरं. पण हो म्हणण्याआधी रात्रभर ती लेकीच्या जावळावर हात फिरवत जागी होती, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी तिला ओट्यावरचं बोलणं ऐकू आलं. साळुबाई विचारत होती, "हे खूळ कुणाचं रं?" आणि भरत म्हणत होता, "अगं, ती लई मागं लागलीय. रडारड करती. एकदा नेऊन आणतो म्हंजी गप बसंल."

कौसल्येच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. रात्री तिनं विचारलं तर हसला. "असं म्हणलं की आई लवकर ऐकती. आपल्या मनानं निघालो म्हणलं असतं तर पायच धरून बसली असती. आल्यावर सांगतो की खरं काय ते."

तिलाही ते तेव्हा लहानसंच वाटलं.

आणि बेटावर तो खरोखरच संगं चालला. हॅवलॉकच्या धक्क्यावर उतरल्यावर त्यानं आधी तिच्या सॅकचे पट्टे ओढून घट्ट केले, नवार खांद्याला काचू नये म्हणून आपला रुमाल घडी करून खाली सरकवला, मग आपली उचलली. रस्ता म्हणजे सुपारीच्या बागांतली पायवाट. जवळ बाजरीच्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी. संपल्यावर केळी आणि भात. एका बंगाली बाईनं मागच्या पडवीत झोपायला जागा दिली. तिला मराठी येत नव्हतं, हिला हिंदी धड येत नव्हतं, पण तीन दगडांच्या चुलीवर हिनं पिठलं केलं तेव्हा त्या बाईनं दोनदा मागून घेतलं. कौसल्येनं चपला हातात घेतल्या, पदर कमरेला खोचला. डोक्यावरचा पदर पडला तर पडला. भरत हाक मारायचा, "कौसल्या, हे बघ! कौसल्या, तो मासा बघ!" उठता बसता नाव. एवढ्या वेळा आपलं नाव ऐकून तिला लाजल्यासारखं व्हायचं.

संध्याकाळी मात्र तिची छाती भरून यायची. दगड झालेली, ठणकणारी. पोलकं ओलं व्हायचं. मग ते किनाऱ्याच्या टोकाला जायचे, भरत तिच्याकडं पाठ करून, हात पसरून आडोसा करून बसायचा, आणि ती वाकून वाळूत दूध पिळायची. पांढरे थेंब वाळू क्षणात पिऊन टाकायची. ती पिळता पिळता रडायची आणि तो पाठमोराच म्हणायचा, "जाऊ की आता. थोडंच राह्यलंय."

"एक फोन करू या," ती रोज म्हणायची. आण्यात फोन होता पोपटलाल शेठच्या दुकानात. चांगला माणूस, निरोप पोचवायचा.

"एका फोनात आपलं दोन दिवसांचं जेवण जातंय. आई हाये ना तिच्याजवळ."

पोर्ट ब्लेअरला परत आल्यावर, निघायच्या तोंडावर, त्यानं फोन लावला. पलीकडून पोपटलाल शेठ ओरडत होता. लांबून, खरखरीत. "भरत, बेटीला ताप आहे रे, लई ताप आहे! चार वेळा साळुबाई येऊन गेली, तुझा नंबर कुठाय विचारत! या लवकर!"

बोटीवर चार दिवस. ती वर गेली नाही. निळं पाणी तिनं पाहिलं नाही. खालच्या फळीवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली, आणि छातीतलं दूध कधी आटलं ते तिला कळलंही नाही.

साळुबाईनं काही कमी केलं नव्हतं. रात्र रात्र पोरीला उराशी धरून बसली होती. अंगारा लावला, कपाळावर कांद्याचा रस चोळला, देवाला नवस बोलली. फक्त दवाखाना तिला शेवटी सुचला. ते घरी पोचले तेव्हा सोनी वाचली होती. डोळे उघडे होते, आईला बघून हसली. पण हाक मारली तर वळली नाही. ताट पडलं तर दचकली नाही.

तपासून डॉक्टर म्हणाले, "मेंदूला ताप गेला होता. थोडं आधी आणायला हवं होतं."

साळुबाई वळली ती भरतकडं नाही, स्वतःकडंही नाही. कौसल्येकडं. "ऐकलंस?" एवढंच म्हणाली.

कौसल्येनं भरतकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

पुढं भरत बाप म्हणून काही वाईट निघाला नाही. लेकीसाठी कानाचं यंत्र आणलं, त्याचा उपयोग झाला नाही. शाळा शोधली, सुट्टीला तिला खांद्यावर घेऊन यात्रेत हिंडवली. पण ते एक वाक्य त्याच्या तोंडून आलं नाही. आणि गावात, भावकीत, हळदीकुंकवाला, दहाव्याला, एकच राहिलं: हिला बेटाचं खूळ लागलं, अंगावर पिणारं लेकरू टाकून गेली. सुरुवातीला तिनं एकदोनदा त्याला विचारलं, "आता सांगता ना?" तो म्हणायचा, "आईचं वय झालंय. आता सांगून पोरीला ऐकू येणार हाये का?" मग तिनं विचारणं सोडलं. वाट बघणं काही सुटलं नाही.

आणि आता ही घोडेगावची पोर अंगणात उभं राहून विचारत होती. सुचलं कुणाला?

"कुणाला म्हंजी?" साळुबाईनं डब्याचं झाकण बसवलं. "हिलाच. हट्ट धरून बसली. दोन वर्साचं लेकरू टाकून गेली बेटं बघाया. अन् मग बघतीयास ना, काय पदरात पडलं ते." तिनं हनुवटीनं सोनीकडं दाखवलं. सोनी भिंतीला टेकून उभी होती, आजीच्या तोंडाकडं टक लावून. शाळेत तिला ओठ वाचायला शिकवलं होतं. अलीकडं ती बरंच वाचायची.

हर्षालीचा चेहरा उतरला. "अहो, मला तसं नव्हतं..."

कौसल्या उंबऱ्यात तशीच उभी. तिनं भरतवरची नजर काढली नाही. आज आई ऐंशीची होती, पोर सोळाची होती, आज कुणी पाय धरून बसणार नव्हतं. आज नुसतं 'न्हाई, मीच म्हणलो व्हतो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. इतका वेळ बोटीपासून माशापर्यंत सगळं रंगवून सांगणारा माणूस.

भरतनं तोंड उघडलं. कौसल्येला ते उघडलेलं दिसलं.

"स्वराज," तो म्हणाला, "गाडी कुठवर आली बघ रं. उशीर व्हतोय."

गाडी आली. विमानतळावर पोचवायला चुलते, मावश्या, शेजारचे दोघं. जीप गच्च भरली. "वहिनी, तुमाला नारायणगावपर्यंत सोडलं असतं," कुणीतरी म्हणालं, "पर जागाच न्हाई बघा."

"न्हाई न्हाई. आमची एस.टी. हाये," कौसल्या म्हणाली. सॅक तिनं पाठीला मारली, सोनीचा हात धरला, आणि दोघी फाट्यावर आल्या.

फाट्यावर ऊन होतं. सोनीनं आईची बाही ओढली. त्यांच्या घरच्या खुणा होत्या, शाळेच्या नव्हेत. सोनीला ऐकू येईनासं झालं तेव्हापासून दोघींनी मिळून केलेल्या. कपाळावर बोट म्हणजे कुंकू, म्हणजे आई. ओठावर बोट फिरवलं की मिशी, म्हणजे बाबा. सोनीनं कपाळाला हात लावला. मग हात लांब नेला, खूप लांब. मग आपल्या छातीवर ठेवला आणि खाली जमिनीवर ठेवल्यासारखा केला.

आई गेली. मला टाकून?

ताप आला होता, एवढंच तिला माहीत होतं. बाकीचं तिनं आज वाचलं होतं.

कौसल्येचा हात आपसूक ओठाकडं गेला. मिशी. एक खूण पुरे होती. तेवढ्यात धूळ उडवत जीप आली. पुढच्या सीटवर भरत. त्यानं हात बाहेर काढून हलवला, आणि सोनी सगळं विसरून टाचा उंचावून त्याला हात हलवत राहिली, जीप वळणाआड जाईपर्यंत.

कौसल्येनं ओठाशी आलेल्या हातानं पदर घेऊन तोंड पुसल्यासारखं केलं. सोनी परत तिच्याकडं वळली, उत्तर मागत. कौसल्येनं दोन बोटं वर केली. दोघं. आम्ही दोघं गेलो होतो.

सोनीनं त्या दोन बोटांकडं पाहिलं. मग रस्त्याकडं. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली. काहीतरी जुळत नसल्यासारखी ती थांबली, आणि मग सावकाश ओठावरून मिशी फिरवली. बाबा. आणि तेच बोट न काढता मिटलेल्या ओठांवर उभं धरलं.

बाबा गप्प.

एस.टी. आली तेव्हा सोनीनं तिच्या पाठीवरची सॅक काढून आपल्या खांद्याला अडकवली. कौसल्येनं मागून पट्टे ओढून घट्ट केले, आणि नवार काचू नये म्हणून आपला रुमाल घडी करून लेकीच्या खांद्याखाली सरकवला.

"बोला मावशी, किती?" कंडक्टरनं विचारलं.

तिनं तीच दोन बोटं वर केली.