चपळ हात

टॅबलेटच्या पडद्यावर पहिली दोन चाकं एकदम थांबत. तिसरं किंचित रेंगाळे, पण पहिल्या दोन्हींवर सारखंच चित्र आलं असेल तरच. चित्रं वेगळी आली, की तेही बाकीच्यांबरोबर मुकाट थांबे. कार्मेनाने हे कधीच हेरलं होतं. त्या रेंगाळण्यात तिचा श्वास अडकायचा, चित्र हुकायचं, आणि बोट आपसूक पुढच्या फेरीच्या बटणावर जायचं.

माल्टातल्या त्या गावात कार्मेनाच्या नजरेबद्दल आणि हातांबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. जन्मभर तिने कारखान्यात जीन्सचे खिसे शिवले होते, आणि रविवारच्या दुपारी बँड क्लबात ती तोंबला खेळत आली होती. बसच्या नोकरीतून निवृत्त झालेला विस्तीन पिशवीत हात घालून आकडा पुकारायचा, आणि बायका आपल्या तिकिटांवर तो आकडा बटणाने झाकायच्या. शेजारी बसणाऱ्या जूझाची आणि इतरांची दोन तिकिटांत तारांबळ उडे. कार्मेनासमोर सहा मांडलेली असत, तरी आकडा विस्तीनच्या तोंडून पुरता बाहेर पडायच्या आत तिचं बटण जागेवर असे. नियम एकच होता. तिकीट भरलं की पुढचा आकडा निघायच्या आत ओरडायचं. उशीर झाला की बक्षीस गेलं.

नवरा सालवू गेला, दुपारी घर खायला उठू लागलं, आणि टॅबलेटवर तिला हे कॅसिनोचे खेळ सापडले. तिथे तिने तोंबल्याच्याच हिशेबाने निवड केली. ज्यात हात जास्तीत जास्त चालेल तो खेळ चांगला. संथ खेळ म्हाताऱ्यांसाठी.

तिची भाची रोडियान अशाच खेळांची तपासणी करणाऱ्या कंपनीत होती. तिने मावशीला खेळताना एकदा पाहिलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. मावशी, तोंबल्यात तुझी जूझाशी शर्यत असते, म्हणून चपळाईला किंमत, तिने समजावलं. इथे शर्यतीत दुसरं कुणी नाही. तू बटण दाबलंस त्याच क्षणी निकाल ठरतो, चाकं नंतर नुसती फिरून दाखवतात. प्रत्येक फेरीतून कंपनी सरासरी थोडासा वाटा काढून घेते. तासाभरात फेऱ्या जितक्या जास्त, तितक्या वेळा तो वाटा जातो. चपळ हाताने तू फक्त लवकर हरतेस.

कार्मेनाला राग आला. खिसे शिवताना कुणी तिला हळू शिव म्हटलं नव्हतं.

तरी रोडियानच्या आग्रहाखातर तिने दुसरा प्रकार करून पाहिला. पडद्यावर खरा माणूस खरं चाक फिरवतो असा, दोन डावांत चहाचा घोट घेता येईल असा. खेळाला बसण्याआधी किती घालवायचे ते ठरवून मर्यादा घालायची, गजर लावायचा, गजर झाला की उठायचं. चाक फिरवणारा पोरगा प्रत्येक वेळी चाकाला हात लावण्याआधी बाह्या सारख्या करी. कार्मेना त्याच्यावर करवादली आणि पुन्हा जुन्या खेळाकडे वळली. मर्यादाही तिने वाढवून घेतली. रोडियानने विचारलं, मग सरळ खेळाचं खातंच बंद करून टाकायचं का? गावच्या संताचा फेस्टा होऊन जाऊ दे, ती म्हणाली. फेस्टा होऊन गेला, फटाक्यांची राख गच्चीवरून झाडून झाली. मग तिने ते नाताळवर ढकललं.

एव्हाना पेन्शन महिनाअखेरपर्यंत पुरेनाशी झाली होती. पण तिला जास्त सलत होतं ते वेगळंच. प्रवचनात पाद्री थांबला की तिला त्याला ढकलावंसं वाटे. जूझा आपल्या गुडघ्याचं सांगू लागली की ती वाक्य तोडून टाके. माणसं तिला फार हळू वाटू लागली होती.

त्या रविवारी विस्तीनने आकडा पुकारला आणि ग्लासातला चहा फुंकत बसला. कार्मेनाला तेवढंही थांबवेना. टॅबलेट मांडीवर होता. तिने टेबलाखाली एक फेरी दाबली, मग आणखी एक. विस्तीनने पुढचा आकडा पुकारला. शेजारची जूझा तिच्या तिकिटांवर वाकली.

"अगं बये, तुझं हे तिकीट मागच्याच आकड्याला भरलं होतं."

कार्मेनाने पाहिलं. तो आकडा झाकलेलाच नव्हता. विस्तीनने नियमाप्रमाणे नकारार्थी मान हलवली.

"आमच्या सहा तिकिटांच्या राणीला डुलकी लागली," जूझा म्हणाली. "मी दोन तिकिटंवाली गरीब बाई, पण जागी तरी असते."

बायका हसल्या. कुणीतरी चीज भरलेल्या पास्तित्सींची बशी तिच्यापुढे सरकवली, आजारी माणसापुढे सरकवावी तशी. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. टॅबलेटवरच्या खेळाच्या कंपनीतला एमिल. हल्ली तो आठवड्याला फोन करी, स्वतःला तिचा खास मदतनीस म्हणवी. आज त्याच्या मधाळ आवाजात नवी बातमी होती. आणखी वेगवान खेळ आलाय, बटणही दाबावं लागत नाही, आपोआप फिरतो, आणि पहिल्या काही फेऱ्या तिला भेट.

म्हणजे हातांचं काम काय, तिने विचारलं.

काहीच नाही, तो आनंदाने म्हणाला, तुम्ही नुसतं बघायचं.

कार्मेना खुर्चीवरून उठली. फोन कानाला तसाच होता. विस्तीनचा हात पिशवीत थांबला. तो पुढचा आकडा काढणार, इतक्यात तिने तळवा उंचावून त्याला थांबवलं. क्लबात तसं करायची रीत नव्हती. एमिल अजून भेटीचंच सांगत होता. तिने त्याला वाक्य पुरं करू दिलं. मग सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

"एमिल, बाळा, माझं खातं बंद कर. आज, आत्ता. तात्पुरतं नको, कायमचं. आणि परत फोन करू नकोस, मी इथे खेळतेय."