पायाळूची लाथ

कुंदनची कंबर फौजेत मोडली. गाडी दरीत कोसळली तेव्हा तो जोडीदाराच्या मुडद्याखाली तासन्‌तास दबून होता. कंबरेचं साऱ्या अड्याळ गावाला माहीत. डोक्याचं मात्र एकट्या रीताला, त्याच्या बायकोला. झोपेत तो तिचा गळा धरायचा.

"पेन्शनच्या दाव्यात दोन्ही लिवा ना," ती म्हणायची.

"कंबर लिवली तेवढं पुरे. अड्याळात पागल फौजी म्हणून फिरू काय मी? डॉक्टरांच्या बोर्डापुढं तोंड उघडलं तं याद राख!"

आता घ्या! हाडाची लाज नाही, डोक्याची मात्र लाज.

बोर्डाच्या आदल्या दिवशी सासूनं, धुरपताबाईनं, शहाणपणा केला. शेजारचा चिंधू पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. अशा माणसाची लाथ बसली की कंबर मोकळी होते, अन् बेसावध बसली तरच गुण येतो, हे म्हातारीच्या मनात पक्कं. पोरगं कण्हते एवढंच तिला दिसत होतं. कुंदन भरदुपारी अंगणात पाठमोरा बसून दाढी करत होता. म्हातारीच्या सांगण्यावरून चिंधूनं मागून जाऊन लाथ हाणली.

कुंदन वळला तो माणसात राहिलाच नव्हता. त्यानं चिंधूला आडवा पाडला, छातीवर गुडघा रोवला अन् डोकं धरून दगडी पायरीवर आपटलं. पुन्हा आपटलं. "अबे कुंदन, मी चिंधू होय! चिंधू!" तो बोंबलत होता. रीता मधात पडली, तर कोपर असं बसलं की तिचा दात ओठ फाडून बाहेर आला. शेजारीपाजारी धावले म्हणून चिंधू जगला, पण एक डोळा गेला.

"पायरीवरून पडला म्हनाचं सगळ्याइनं," म्हातारी रडत म्हणाली. कुंदननं होकाराची मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी फौजी दवाखान्यात बोर्डाच्या डॉक्टरनं विचारलं, "झोप लागते?"

"लागते साहेब."

डॉक्टरची नजर रीताच्या ओठावरच्या टाक्यांवर गेली. "हे कशानं झालं?"

तिनं पदरानं ओठ झाकला. पण चिंधूचा डोळा आठवला अन् तिचं माथं भडकलं. "याइनंच मारलं, साहेब. याइचं डोकं..."

पुढचं तिला बोलताच आलं नाही. कुंदनची बोटं तिच्या गळ्यात रुतली होती. टेबल उलथलं, खुर्ची मोडली. दोन शिपायांनी त्याला मागून ओढून हात पिरगाळले, जमिनीवर दाबून धरलं. तो जनावरासारखा हंबरत होता. रीता भिंतीशी कोसळली. रक्त थुंकून, श्वास येताच ती शिपायांवरच खेकसली, "हळू धरा ना जी त्याइले! कंबर दुखते त्याइची."